पेट्रोल वाढलं की "मेट्रोनं जा" म्हणणाऱ्यांनी एकदा वाठोड्याहून हिंगण्याला जाऊन दाखवावं

वाठोडेकर
नागपुरात हिंगणा एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, राहतो वाठोड्याला. एका बाजूचे 20 किलोमीटर. 26 दिवसांचे 1040 होतात, गाडी 50 चा ॲव्हरेज देते, म्हणजे 21 लिटर. शंभरीच्या वरचा भाव धरला तर बावीसशेच्या घरात. पगार झाला की एवढे आधी बाजूला काढतो, तरी 25 तारखेला गाडी रिझर्व्हला लागलेलीच.

आमच्या ऑफिसातले साहेब म्हणतात, मेट्रोनं येत जा. ते राहतात शंकरनगरला, स्टेशन घराखाली. मीही पंधरा दिवस गेलो. प्रजापती नगर ते लोकमान्य नगर एकदम थंडगार, तक्रार नाही. पण घरून स्टेशन 3 किलोमीटर आणि तिकडून कंपनीचं गेट आणखी 3. दोन्हीकडचे शेअर ऑटो, जाणं-येणं धरून रोजचे 80. महिन्याचे 2080 झाले! पंपावरचे पैसे ऑटोवाल्याला दिले, वरून मेट्रोचं तिकीट वेगळं. आणि सेकंड शिफ्ट सुटते रात्री 11 ला, तेव्हा मेट्रो झोपलेली असते.

माझं म्हणणं एवढंच, गाडी सोडायचा सल्ला ज्याच्या दारात स्टेशन आहे त्यानं देऊ नये.

इंदोऱ्याची
80 काऊन लागतात? प्रजापती नगरपर्यंत गाडीनं जा, तिथं लावा, पुढं मेट्रो. मी 2023 पासून इंदोरा ते खापरी अशीच जाते. तुम्ही फक्त पेट्रोल मोजलं. चेन-स्प्रॉकेट, टायर, ऑईल, दर पावसाळ्यात खड्ड्यानं वाकणारं रिम, हे कोण मोजणार? आणि मे महिन्यात तोंडाला दुपट्टा गुंडाळून सिग्नलवर उभं राहणं मला तरी झेपत नाही.

वाठोडेकर
ताई, खापरीहून पुढं कशा जाता?

इंदोऱ्याची
कंपनीची बस उभी असते.

वाठोडेकर
हे पहिल्याच वाक्यात लिहायचं ना बाप्पा.

पॅडलवाला
मेट्रोच्या डब्यात सायकल नेता येते, हे कोणीच सांगून नाही राहिलं. दोन्हीकडचे 3-3 किलोमीटर सायकलनं, ऑटोचा प्रश्नच मिटला.

महालातला
भाऊ, हे डिसेंबरात लिहायचं. 2013 च्या मे महिन्यात इथं पारा 47.9 ला गेला होता. फर्स्ट शिफ्ट सुटते दुपारी 3 ला. त्या उन्हात 3 किलोमीटर सायकल मारली तर घरी जाऊन पन्हं नाही, सलाईन लागेल.

पॅडलवाला
दुपारचं मान्य. सकाळी साडेसहाला मात्र मे महिन्यातही जमतं, मी करतो. (माझी ड्युटी संध्याकाळी 6 ला सुटते, हे प्रामाणिकपणे सांगतो.)

करदाता नागपूरकर
तुम्ही आपसात भांडा, तिकडं सरकार मजेत. 2017 च्या जूनपासून भाव रोज ठरतो म्हणतात, पण क्रूड उतरलं की पंपावरचा आकडा हलत नाही. 2025 च्या एप्रिलमध्ये केंद्रानं लिटरमागे 2 रुपये उत्पादन शुल्क वाढवलं, पंपावर भाव तोच राहिला. म्हणजे जे स्वस्त व्हायचं होतं ते आपल्यापर्यंत आलंच नाही. राज्याचा व्हॅट टक्क्यांत, मूळ भाव चढला की तोही आपोआप चढतो. कर कमी करा, बाकी सगळं पाणचट.

महालातला
2022 मध्ये केला होता ना कमी. मे महिन्यात केंद्रानं पेट्रोलचे 8, जुलैत राज्यानं 5. हिशोब वाठोडेकरांच्याच आकड्यानं करा: 5 रुपये कमी झाले तर 21 लिटरमागे 105 वाचतात. ऑटोचा सव्वा दिवस! तुम्हाला पेट्रोल नाही, अंतर मारून राहिलंय.

करदाता नागपूरकर
गाडीचे 105 वाचतील. पण कॉटन मार्केटात भाजी आणणारा टेम्पो, पोराच्या शाळेची व्हॅन, गॅसची गाडी, हे सगळे डिझेल-पेट्रोलवरच चालतात. व्हॅनवाल्यानं जूनमध्ये वाढवलेले पैसे मागं कधी घेतले?

ऑटोवाल्याचा पोरगा
सगळे ऑटोवर घसरले म्हणून लिहितो. बाबांनी पैसे वाचतील म्हणून सीएनजी किट बसवलं. 2022 च्या मार्चमध्ये इथं सीएनजी किलोला 120 वर गेला, तेव्हा पेट्रोलपेक्षाही महाग. गॅस पाईपलाईननं नाही, टँकरनं यायचा. किटचे हप्ते चालू आणि गाडी पेट्रोलवर, असे दिवस काढलेत. 20 रुपये सीट घेतलं की लुटलं म्हणता, मग चौथी सीट भरेपर्यंत अर्धा तास कोण थांबतं?

वाठोडेकर
दादा, बाबांवर राग नाही. चुकलं असेल तर माफी. माझा राग त्या "सोपं आहे हो" वर आहे.

वासुदेव नगर
इलेक्ट्रिक घ्या ना.

वाठोडेकर
दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतो. घरमालक जिन्यातला बल्बसुद्धा रात्री 9 ला बंद करतात, खाली चार्जिंगला पॉईंट देतील?

जुना फिटर
वयानं मोठा म्हणून दोन गोष्टी. पहाटे पेट्रोल भरलं की जास्त येतं हे डोक्यातून काढा, टाकी जमिनीखाली असते, तिला सकाळ-दुपार सारखीच. टायरची हवा मात्र दर आठवड्याला पाहा. ढिल्या टायरवर गाडी ओढते आणि आपण कार्ब्युरेटरला शिव्या देतो. आणि मुख्य म्हणजे नंदनवन-वाठोड्याकडून हिंगण्याला रोज शेकडो गाड्या जातात, एकेका गाडीवर एकेकच माणूस. आम्ही 90 च्या सुमारास दोघं मिळून एका स्कूटरवर जायचो. एक आठवडा त्याची, एक आठवडा माझी.

इंदोऱ्याची
काका, दोघांची शिफ्ट एक पाहिजे ना. आणि ओव्हरटाईम लागला की?

जुना फिटर
लागला की भांडण व्हायचं. पण पैसे अर्धेच लागायचे.

वाठोडेकर
आमच्या प्लांटमध्ये स्टोअरचा एक जण आहे, मागच्याच गल्लीत राहतो. शिफ्ट एकच, पण गडी पोहे खाल्ल्याशिवाय निघत नाही, त्याच्यापायी रोज दहा मिनिटं जातील. काल बोललो. म्हणाला, जमेल, पण माझ्याकडं हेल्मेट एकच आहे, तेही बायको नेते.