आत्याकडून आलेले पोर्तुगीजकालीन नाणे: ओळख व खरेखोटेपणा

प्रश्न (फोंडा): दिवंगत आत्याच्या पेटीत चांदीचे एक नाणे मिळाले. एका बाजूस राजाचे मुख व ‘लुदोव्हिकुस’ हे नाव, दुसऱ्या बाजूस मुकुटाखाली ढाल, ‘उमा रुपिया’ अशी रोमन लिपीतील अक्षरे आहेत; नाण्यावर १८८२ हे वर्षही आहे. कडेला डाख दिल्याची खूणही दिसते. हे गोव्यातच पाडलेले असावे काय?

उत्तर (मडगाव): ‘लुदोव्हिकुस’ म्हणजे लुईश; ही पोर्तुगालचा राजा पहिला लुईश याच्या काळातील रुपिया आहे, मात्र ती गोव्यात पाडलेली नाही. ब्रिटिश व पोर्तुगीज यांच्यात १८७८ साली झालेल्या करारानंतर पोर्तुगीज भारताची ही नाणी कलकत्त्याच्या टांकसाळीत, ब्रिटिश रुपयाच्याच वजनाची आणि कसाची, पाडली जाऊ लागली. त्यामुळे वजन सुमारे ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा, आणि चांदी सुमारे ९१.७ टक्के असायला हवी. आपण प्रथम सूक्ष्म काट्यावर वजन करून पाहावे. झिजेमुळे थोडी घट चालेल, पण वजन बरेच कमी भरले किंवा कडेवर ओतकामाची रेघ दिसली, तर नाणे नकली समजावे.

उत्तर (डिचोली): डाखाची खूण बहुधा नाणे माळेत ओवण्यासाठी कडी बसवल्याची असावी, संग्राहक अशा नाण्याला कमी किंमत देतात आणि सराफ तर केवळ चांदीचाच भाव सांगतो. चिंच किंवा पावडर लावून ते घासू नये, कारण काळसर झाक गेली की उरलेली किंमतही उतरते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. वजन ११.५ ग्रॅम भरले आणि कडेवर रेघ नाही.