'हेट'ला मराठीत काय म्हणाल? आणि मॉर्फला 'वाण' चालेल का?

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, सांभाळून घ्या. आम्ही डॅलसजवळ राहतो आणि आमच्या अकरावीतल्या चिरंजीवांनी बॉल पायथन पाळलेत, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला, घाना-टोगो-बेनिनकडचा छोटा अजगर, घाबरला की अंगाचा चेंडू करून बसतो म्हणून ते नाव. मादीने सहा अंडी दिलीत आणि साताऱ्याहून आईने व्हिडिओ कॉलवर विचारलं, अगं पिल्लं कुठल्या रंगाची होणार? मी सांगायला गेले आणि दुसऱ्याच वाक्यात अडकले. नर-मादी दोघंही 'हेट अल्बिनो', दिसायला नेहमीचेच काळे-तपकिरी, पण अल्बिनोचं एकेक जनुक दोघांकडे आहे. या 'हेट'ला आईला कळेल असा शब्द काय? आणि 'मॉर्फ'ला, म्हणजे सापाच्या रंग-नक्षीच्या प्रकाराला?

—
हेट म्हणजे हेटेरोझायगसचं लाडाचं नाव. मराठीत विषमयुग्मजी, आणि झायगोटला रंदुक म्हणतात त्यावरून विषमरंदुकी. अल्बिनोचं जनुक अप्रभावी असतं, आई आणि बाप दोघांकडून मिळालं तरच पिल्लू अल्बिनो दिसतं, एकाकडूनच मिळालं तर पिल्लू हेट.

—
दादा, विषमरंदुकी ऐकून आई फोन ठेवून देईल हो 😄

—
मॉर्फला 'वाण' शंभर टक्के चालेल. वाण म्हणजे मुळात रंगच, वर्ण वरून आलेला, (संक्रांतीचं वाण वेगळं बरं का) आणि शेतकरी ज्वारीचा वाण म्हणतो तेव्हा प्रकार हा अर्थही आपोआप येतो. आता ती म्हण आठवा, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. हेटचं नेमकं तेच आहे की! गुण आहे, वाण नाही. म्हणीत तो शेजाऱ्याकडून येतो, इथे आईबापाकडून, एवढाच फरक. मी तरी आईला सांगेन, "अंगात आहे, अंगावर नाही."

आणि पाईड, म्हणजे पांढऱ्या अंगावर रंगाचे पट्टे, त्याला शब्द शोधत बसू नका, बांडा. गाय बांडी असते तर साप का नाही. अल्बिनोला मात्र 'पांढरा' म्हणू नका, त्यात फक्त काळा रंग जातो, पिवळा राहतो, म्हणून साप पांढरा-पिवळा दिसतो. भुरा म्हणा. त्याला 'कोड' म्हणणारेही भेटतात, ते तर साफ चूक, कोड नंतर उठतं, हे जन्मजात.

—
"अंगात आहे" म्हटल्यावर आमच्याकडे देवी येते 😀 पण शब्द झकास आहे, राहू द्या.

खरा गोंधळ '66% पॉसिबल हेट'चा, विकणारे डब्यावर लिहितात आणि घेणाऱ्याला वाटतं साप 66 टक्के हेट आहे. असं काही नसतं, साप हेट असतो किंवा नसतो. दोन हेटची जोडी लावली तर हिशोब असा की चारात एक भुरा, दोन हेट, एक पूर्ण साधा. भुरा तर दिसतोच, तो बाजूला काढा, उरले तीन एकसारखे दिसणारे, त्यातले दोन हेट, म्हणून तीनात दोन, म्हणजे 66. हेटला साधा साप लावला तर निम्मे, तिथे 50 लिहितात. 'संभाव्य हेट' कोरडं वाटतं, मी 'असेल-नसेल हेट' म्हणतो. आणि ताई, चारात एक म्हणजे सहा अंड्यांत दीड भुरा निघणारच असं नाही हं, एकही न निघण्याची शक्यता जवळपास 18 टक्के आहे, मुलाला आधीच सांगून ठेवा.

—
जाता जाता, हे ब्रीडर लोक पेस्टल नावाच्या मॉर्फला सर्रास 'को-डॉम' म्हणतात. को-डॉमिनंट म्हणजे सहप्रभावी, दोन्ही गुण शेजारी शेजारी दिसतात, रक्तगट एबी बघा. पेस्टलचं एक जनुक आलं तर साप उजळ पिवळा, दोन आली तर अजून उजळ, त्याला 'सुपर'. हे अपूर्ण प्रभावी. तांबड्या-पांढऱ्या गुलबक्षीच्या संकरातून गुलाबी फूल येतं तसं. पण धंद्यातला शब्द आहे, आपण कितीही ओरडलो तरी बदलणार नाही. 'सुपर'ला 'दुहेरी' म्हणा, बापाचं एक आईचं एक.

(पुण्यातल्या मंडळींनी हे वाचून धामण घरी आणू नये, आपले साप पाळायला 1972 च्या कायद्याने बंदी आहे.)

—
सगळ्यांना थँक्यू. अंडी उबायला दोनेक महिने लागतात, काल फुटली. एक आधीच बुरशी येऊन गेलं होतं, राहिलेल्या पाचांत एक भुरं, तांबडे डोळे, अंगावर हळदीचे डाग पडल्यासारखं, आणि चार साधी. मुलाने चौघांच्या डब्यांवर चिकटपट्टीवर मराठीत 'असेल-नसेल' लिहिलंय, 'ळ'ऐवजी 'ल' बरोबर आहे ना एवढंच विचारून गेला. आईला म्हटलं, या चौघांच्या अंगावर नाही पण अंगात असेल. तिला पटकन कळलं. लगेच विचारलं, मग आहे की नाही ते कधी कळणार? म्हटलं, तीन-चार वर्षांनी, मोठे झाले की यांची भुऱ्याशी जोडी लावायची, एक जरी भुरं पिल्लू निघालं तर होतं.

"म्हणजे लग्न झाल्यावरच कळतं," आई म्हणाली. "आपल्यासारखंच आहे की."