शिकाऊ मोठ्यांनी स्कीइंग करताना हेल्मेट घालायचं की नाही? (चर्चा)

राजेंद्रनगरकर

इंदूरहून आम्ही काही कुटुंबं या हिवाळ्यात उत्तराखंडमधल्या औलीला स्कीइंग शिकायला जायचं म्हणतोय. शाळकरी मुलं आहेत, कॉलेजातली आहेत, पन्नाशी ओलांडलेलेही आहेत. बहुतेकांनी बर्फ सिनेमातच पाहिलाय. परवाच्या बैठकीत मी एक अट मांडली. पायात स्की चढवणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट असेल, वय काही का असेना. मुलांबद्दल कुणी हरकत घेतली नाही. मोठ्यांवरून मात्र बैठक फिसकटली. "लोकरीची टोपी पुरे", "आपण कुठे कड्यावरून उड्या मारणार आहोत", "बर्फ तर मऊ असतो."

बर्फ मऊ असतो तो नुकताच पडलेला. दुपारच्या उन्हात वितळून रात्री पुन्हा गोठलेला, वरून लोकांनी दिवसभर घासलेला उतार सकाळी फरशीसारखा कडक असतो. आणि शिकाऊंचे वर्ग सकाळीच सुरू होतात.

नताशा रिचर्डसन ही ब्रिटिश अभिनेत्री मार्च २००९ मध्ये कॅनडातल्या माँ ट्रेंब्लां इथे शिकाऊंच्या उतारावर पडली. सोबत इन्स्ट्रक्टर होता, वेग जास्त नव्हता, डोक्यावर हेल्मेट नव्हतं. ती उठली, बोलली, मला काही झालं नाही म्हणाली, मदत नाकारली. थोड्या वेळाने डोकं दुखायला लागलं आणि दोन दिवसांनी ती गेली. कवटी आणि मेंदूवरचं आवरण यांच्यामध्ये रक्तस्राव झाला होता. वय ४५.

औलीखालच्या जोशीमठहून ऋषिकेशला उतरायचं तर साधारण अडीचशे किलोमीटर घाटरस्ता आहे. डोक्याला लागलेला माणूस घेऊन तो रस्ता उतरायची वेळ आपल्यापैकी कुणावर येऊ नये. मला एवढंच म्हणायचं आहे आणि त्यासाठी मी अट सोडणार नाही. ज्यांना पटत नाही त्यांनी इथे कारणं लिहावीत.

सुपरकॉरिडॉर

ताई, मला पटत नाही. मी गुलमर्गला बऱ्याचदा गेलोय, स्की आणि स्नोबोर्ड (दोन्ही पाय एकाच फळीवर बांधून घसरायचं) दोन्ही करतो.

तुम्ही एका अभिनेत्रीचं उदाहरण दिलंत, मी फॉर्म्युला वन शर्यतींतल्या मायकेल शूमाकरचं देतो. २९ डिसेंबर २०१३, फ्रान्समधलं मेरिबेल. डोक्यावर हेल्मेट होतं, स्कीइंगचा अनुभवही दांडगा. दोन आखलेल्या उतारांच्या मधल्या भागात गेला, दगडावर डोकं आपटलं, हेल्मेट फुटलं. मेंदूला जबर मार बसून तो कित्येक महिने कोमात होता. एकेका उदाहरणावरून नियम करायचे ठरवले तर दोन्ही बाजूंना हवी तितकी उदाहरणं सापडतील.

म्हणून आकड्यांकडे बघा. अमेरिकेत २००२-०३ च्या मोसमात चारातला साधारण एक जण हेल्मेट घालायचा, आता दहातले आठाहून जास्त घालतात. मृत्यू त्या प्रमाणात कमी झाले का? नाही. जॅस्पर शीली या संशोधकाने कित्येक वर्षं हेच दाखवलं. किरकोळ मार, खोक पडणं, हलकं कन्कशन, म्हणजे मेंदूला बसणारा हादरा, हे कमी झालं. जीव जाण्याचं प्रमाण जवळपास तिथेच राहिलं. जीव जातो तो भरवेगात झाडावर आदळून, आणि त्या वेगाला कुठलंच हेल्मेट पुरत नाही.

डोक्यावर काहीतरी घातलं की माणसाला वाटतं आपण सुरक्षित आहोत, मग तो जोर करतो. माझ्या मते पैसा आणि वेळ चांगल्या इन्स्ट्रक्टरवर घालवा. थांबायला शिका, वळायला शिका, दमलात की उतारावरून बाजूला व्हा. हेल्मेट ज्याला हवं तो घालेल.

राजेंद्रनगरकर

@सुपरकॉरिडॉर, तुमचे आकडे मला मान्य आहेत. त्यांतून निघणारा निष्कर्ष मान्य नाही, कारण ते आकडे आमच्यासारख्यांचे नाहीत.

स्की हेल्मेटची चाचणी कशी होते ते बघा. युरोपच्या मानकात, म्हणजे ईएन १०७७ मध्ये, हेल्मेट दीड मीटर उंचीवरून कडक पृष्ठभागावर पाडतात. आपटताना त्याचा वेग ताशी २० किलोमीटरच्या जरासा आतच असतो. अमेरिकेच्या एएसटीएम एफ२०४० मध्ये उंची दोन मीटर, म्हणजे वेग ताशी २२ च्या आसपास. हेल्मेट बनवलंच जातं ते या वेगासाठी. ताशी ५० ने झाडावर जाणाऱ्याला ते वाचवू शकलं नाही तर नवल नाही, ते तसं बनवलेलंच नाही.

पण ताशी १५-२० किलोमीटरने घसरत येऊन पाठीवर आदळणारा कोण? आम्ही. पहिल्या दोन दिवसांत उभ्याउभ्या मागे पडून डोकं आपटणारा कोण? आम्हीच. तज्ज्ञाला हेल्मेटचा उपयोग कमी आणि शिकाऊला जास्त, असं हे गणित आहे, आणि आमच्या ग्रुपमध्ये ते बरोब्बर उलटं मांडलं जातंय: "आपण हळूच जाणार, मग कशाला?" हळू जाणार म्हणूनच.

शूमाकरबद्दल एक राहिलं. ग्रेनोबलच्या ज्या रुग्णालयात त्याच्यावर उपचार झाले तिथल्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं की इतका जबर मार हेल्मेटशिवाय बसला असता तर तो रुग्णालयापर्यंत पोचलाच नसता.

आणि जोर करण्याबद्दल. नॉर्वेत डोक्याला इजा झालेल्या आणि न झालेल्या स्कीअर-स्नोबोर्डरांची तुलना केलेला अभ्यास २००६ मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात आला. हेल्मेट घालणाऱ्यांमध्ये डोक्याच्या इजेचा धोका ६० टक्क्यांनी कमी दिसला. हेल्मेटमुळे लोक इतके बेफाम होत असते की फायदा धुऊन निघावा, तर हा फरक दिसला नसता.

हाडांचा_डॉक्टर

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे, इंदुरातच प्रॅक्टिस करतो. ताईंच्या अटीला माझा विरोध नाही, पण सगळी चर्चा डोक्याभोवती फिरतेय याला आहे. स्कीइंगच्या एकूण इजांत डोक्याचा वाटा साधारण दहा ते वीस टक्के. गुडघ्याचा वाटा सुमारे एक तृतीयांश. बर्फावरून परत येऊन माझ्यासमोर बसणारे लोक डोकं नाही, गुडघा धरून बसलेले असतात.

होतं असं. शिकाऊ माणूस स्नो प्लाऊमध्ये, म्हणजे स्कीची पुढची टोकं जुळवून आणि मागची फाकवून हळूहळू उतरत असतो. एक स्की बाहेर पळते, बूट त्यात घट्ट, घोटा वळू शकत नाही, मग सगळा पीळ गुडघ्यावर येतो आणि आतल्या बाजूचं लिगामेंट, एमसीएल, ताणलं जातं किंवा फाटतं. ते बहुधा ऑपरेशनशिवाय बरं होतं. गुडघ्याच्या आत मधोमध असलेलं लिगामेंट, एसीएल, फाटलं तर तसं नसतं. पडता पडता मागच्या बाजूला बसत जाणं, आणि बसलेल्या अवस्थेत घसरत असतानाच उठायची धडपड करणं, या दोन सवयी एसीएलला फार वाईट.

बूट स्कीला धरून ठेवणारं बाइंडिंग ठरावीक जोर आला की सुटतं. त्यामुळे पूर्वी नडगीचं हाड मोडायचं ते आता खूप कमी झालंय. गुडघ्याच्या लिगामेंटला मात्र बाइंडिंग तितकं वाचवत नाही, आणि हळू, पीळ पडणाऱ्या पडण्यात तर ते कित्येकदा सुटतच नाही. त्याची स्प्रिंग वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य बघून लावतात. भाड्याने सामान घेताना वजन विचारलं की खरं सांगा. चारचौघांत वजन सांगायला लाजणारी मंडळी मी पाहिली आहेत, पुरुषसुद्धा. आणि कौशल्य विचारलं तर "बिगिनर" म्हणा, त्यात कमीपणा नाही.

दुसरं, अंगठा. हातात पोल, म्हणजे स्कीइंगची काठी, धरून पडलात की अंगठा बाहेरच्या बाजूला खेचला जातो आणि त्याच्या मुळाशी असलेलं लिगामेंट फाटतं. ही इजा इतकी नेहमीची आहे की तिला स्कीअर्स थंब असंच नाव पडलंय. पडताना पोल सोडून द्या. शिकाऊंनी पोलच्या पट्ट्यात मनगट न घातलेलंच बरं.

हेल्मेटवर जितका वेळ भांडता आहात तितका आजपासून मांड्यांच्या व्यायामावर घालवा. निघायला अजून वेळ आहे.

लोकमान्यनगरचे काका

माझा मुद्दा सक्तीचा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या इंदुरात 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' असा हुकूम निघाला. पंपावर मी स्वतः पाहिलं, मागच्या माणसाकडून हेल्मेट मागून घ्यायचं, पेट्रोल भरलं की परत करायचं. सक्तीने हेल्मेट पंपापर्यंत पोचलं, रस्त्यावर पोचलं नाही. मी स्वतः स्कूटरवर कायम घालतो, कुणी सांगायच्या आधीपासून घालतो. पण मोठ्या माणसाला पटवा, त्याच्यावर अट लादू नका. लादलेलं तो तुमची पाठ वळली की काढून ठेवेल.

राजेंद्रनगरकर

काका, तुमचा मान राखून सांगते, सरकारचा हुकूम आणि एकत्र जाणाऱ्यांनी घातलेली अट यांत मला फरक वाटतो. तिथे एकाला लागलं तर सगळ्यांची सहल थांबणार, कुणीतरी त्याच्याबरोबर खाली उतरणार, कुणीतरी त्याची मुलं सांभाळणार. ज्याचं डोकं त्याची मर्जी हे एकट्या माणसाला ठीक.

आणि सक्ती वायाच जाते असंही नाही. इटलीने २००५ पासून १४ वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं केलं, २०२२ पासून १८ खालच्या सगळ्यांना, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून सर्व वयांच्या लोकांना. पायरी-पायरीने गेले, वीस वर्षं घेतली.

सुपरकॉरिडॉर

आणि स्वित्झर्लंडमध्ये मोठ्यांना कायदा नाही, तरी बहुतेक सगळे घालतात. काकांचंच बरोबर ठरतं.

दोन_मुलांची_आई

वाद बाजूला ठेवून एक व्यवहारातला प्रश्न. घरात स्कूटरची हेल्मेट आहेत, आयएसआय मार्कची, चांगल्यातली. तीच नेली तर चालणार नाहीत का? एका सहलीसाठी चौघांची नवी घ्यायची म्हणजे खर्च आहे.

सुपरकॉरिडॉर

@दोन_मुलांची_आई, ती नेऊ नका, यावर माझं आणि ताईंचं एकमत व्हायला हरकत नाही. गाडीचं फुलफेस हेल्मेट जड असतं, मानेवर भार येतो. मागून येणाऱ्याची हाक नीट ऐकू येत नाही, बर्फाचा गॉगल त्यात बसत नाही, वाफेने काच धुरकटते. सायकलचंही नको. त्यात कान उघडे राहतात आणि डोक्याची मागची बाजू पुरेशी झाकली जात नाही. भाड्याचं घ्या, पण बघून घ्या. आतला फोम थर्माकोलच्याच जातीचा असतो, एकदा जोरात दाबला गेला की पुन्हा उभा राहत नाही. बाहेरून हेल्मेट नवं दिसेल, आतून संपलेलं असेल. चीर दिसली, पट्टा लोंबत असला, तर दुसरं मागा.

आणि माझा मूळ आक्षेप इथेच आहे. आपल्याकडे भाड्याच्या किटमध्ये स्की, बूट, पोल मिळतात. हेल्मेट वेगळं मागावं लागतं आणि पुढे येतं ते कुठल्याही मापाचं. असं ढिलं हेल्मेट घालून अट पूर्ण केल्याचं समाधान मिळेल, डोकं वाचेलच असं नाही.

राजेंद्रनगरकर

हा मुद्दा पटला. मापाचं हेल्मेट इथूनच घेऊन जायचं, निदान मुलांसाठी तरी. माप कसं बघायचं ते डॉक्टर, तुम्ही सांगाल का?

हाडांचा_डॉक्टर

भुवयांच्या वर दोन बोटं जागा सोडून बसलं पाहिजे. पट्टा न लावता मान हलवली तर हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी हलली पाहिजे. हेल्मेट एकटंच फिरलं तर ते मोठं आहे. हनुवटीखाली पट्ट्यात एक बोट शिरेल इतपत सैल. आत लोकरीची जाड टोपी घालायची नाही, फार तर पातळ कानटोपी. मूल वाढेल म्हणून एक माप मोठं घ्यायची आपली सवय बुटांपुरती ठेवा.

आणखी एक. कुणीही डोक्यावर पडलं, हेल्मेट असो वा नसो, तर त्या दिवशी पुन्हा उतारावर जायचं नाही आणि त्याला खोलीत एकटं सोडायचं नाही. डोकेदुखी वाढत चालली, उलटी झाली, बोलणं अडखळलं, झोप अनावर झाली, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली, तर सकाळची वाट न बघता निघायचं. रिचर्डसनच्या बाबतीत जे झालं त्यात मधला बरं वाटण्याचा काळ फसवा असतो.

सुपरकॉरिडॉर

डॉक्टर, हे ऐकल्यावर मी म्हणेन औली कशाला, गुलमर्गला चला. श्रीनगर तिथून पन्नासेक किलोमीटर आहे. हॉस्पिटल जवळ असणं हे मी हेल्मेटपेक्षा मोठं संरक्षण मानतो.

राजेंद्रनगरकर

गुलमर्गचा विचार आम्ही नक्की करू, मुद्दा बिनतोड आहे. पण तुम्ही तर स्नोबोर्ड करता. बोर्डवर पाय बांधलेले, मागची कड अडकली की माणूस थेट पाठीवर, आणि डोक्याची मागची बाजू आधी टेकते. तुम्ही स्वतः काय घालता?

सुपरकॉरिडॉर

बोर्डवर असतो तेव्हा हेल्मेट घालतो. स्कीवर असतो तेव्हा कधी घालतो, कधी नाही. पण ते मी ठरवतो, आणि माझा आग्रह त्यावरच आहे.

राजेंद्रनगरकर

तुम्हाला कित्येक वर्षांची सवय आहे, तुम्ही ठरवू शकता. आमच्यातल्या कुणाला उतार वाचता येत नाही, कडक बर्फ कुठला ते कळत नाही, वरून कोण येतंय ते दिसत नाही. वरून येणाऱ्याने खालच्याला सांभाळायचं हा आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचा नियम आहे, पण शिकाऊंच्या उतारावर वरून येणाराही शिकाऊच असतो, त्याला थांबता येत नसतं. आपण कितीही हळू असलो तरी त्याचा वेग आपल्या हातात नाही. न कळणाऱ्या माणसाने काय ठरवायचं?

लोकमान्यनगरचे काका

तर मग अशी अट घाला: कोर्स संपेपर्यंत सगळ्यांना हेल्मेट. संपल्यावर इन्स्ट्रक्टर ज्याला 'याला थांबता येतं' म्हणेल त्याने आपलं ठरवावं. हे मी बैठकीत मांडायला तयार आहे.

राजेंद्रनगरकर

काका, मुलांना ही सूट नाही, एवढं धरून मान्य. रविवारी बैठक माझ्याकडेच आहे. येताना प्रत्येकाने डोक्याचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून आणा, भुवयांच्या वरून आणि मागे जिथे डोकं सर्वांत रुंद लागतं तिथून. आणि वजन चिठ्ठीवर लिहून थेट डॉक्टरांकडे द्या.