उन्हाळी कॅम्परव्हॅन सहल: बंड्याला फ्रान्सला न्यावं की इथेच ठेवावं?

थेम्सकाठी:
आम्ही इंग्लंडात, रेडिंगला राहतो. जुलैअखेर मुलीची शाळा सुटली की भाड्याची कॅम्परव्हॅन (आत झोपण्या-रांधण्याची सोय असलेली गाडी) घेऊन निघायचं, फोकस्टनहून समुद्राखालच्या बोगद्याने फ्रान्सच्या कॅलेला उतरायचं, तिथल्या लुआर आणि दोर्दोन्य भागांतून दक्षिणेचा प्रोव्हान्स गाठायचं आणि वेळ उरला तर स्पेनच्या कोस्टा ब्रावापर्यंत जाऊन यायचं, असा बेत आहे. परत यायचं ऑगस्टच्या मध्याला. प्रश्न बंड्याचा आहे. आमचा कुत्रा, काळा लॅब्रेडॉर, नऊ वर्षांचा, अंगाने भारी, तब्येतीने तसा ठणठणीत. लेक म्हणते, तो नाही तर मीही येणार नाही. नवऱ्याचं मत, त्याला इथेच कुणाच्या तरी देखरेखीखाली ठेवू. मला दोघांचंही पटतं, म्हणून विचारतेय. स्पष्ट सांगा, धीर देऊ नका.

रानवाट:
न्या. आम्ही आमच्या स्पॅनियलला घेऊन पोर्टस्मथहून सांतांदेरची बोट पकडतो आणि उत्तर स्पेनच्या डोंगरांत हिंडतो. लोक कागदपत्रांचा जेवढा बाऊ करतात तेवढं ते अवघड नाही. २०२१ पासून ब्रिटनमध्ये काढलेला पेट पासपोर्ट (पाळीव प्राण्याचं प्रवासाचं कागदपत्र) युरोपात चालत नाही, त्याऐवजी दर खेपेला नवं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. आधी मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप), मग रेबीजची लस, ती पहिलीच असेल तर पुढे २१ दिवस थांबायचं, आणि युरोपात शिरण्याआधीच्या १० दिवसांत अधिकृत व्हेटची, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरची सही. १०० ते २५० पाउंड धरून चाला. बोगद्याच्या गाडीत तो तुमच्याशेजारी व्हॅनमध्येच असतो, ३५ मिनिटांत पलीकडे. फ्रान्समध्ये कॅफेबाहेर बसलात तर बऱ्याचदा न मागता त्याच्यासाठी पाण्याचं भांडं येतं. इथे मागे ठेवलंत तर तो दाराशी बसून राहील. त्याला ना किल्ले बघायचेत ना द्राक्षमळे, तुम्ही डोळ्यांसमोर असलात की त्याचं भागतं.

मीठभाकरी:
माझं मत उलट आहे आणि ते मी ठामपणे मांडणार आहे. मी इथल्या प्राण्यांच्या दवाखान्यात नर्स आहे. उन्हाने कोसळलेला कुत्रा टेबलावर येतो तेव्हा जीभ जांभळट झालेली असते, लाळेच्या तारा लोंबत असतात, पाय धरत नाहीत. मालक सांगतात, 'सावलीतच होता हो.' कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून अंग गार करतो. हवाच तापलेली असली की तोही मार्ग अपुरा पडतो. बाहेर २२ अंश असताना बंद गाडीत तासाभरात ४७ पर्यंत पारा जाऊ शकतो, हे इथली प्राणीसंस्था आरएसपीसीए वर्षानुवर्षं सांगत आली आहे. तुम्ही चालला आहात ३५-३८ अंशांच्या प्रदेशात.

त्यातून काळा, वजनदार, नऊ वर्षांचा लॅब. या जातीत उतारवयात स्वरयंत्राचा एक आजार बऱ्यापैकी दिसतो. श्वास घेताना घशातल्या झडपा पुरत्या उघडत नाहीत. त्याचं भुंकणं हल्ली घोगरं झालंय का? जिना चढल्यावर श्वासाला करवतीसारखा आवाज येतो का? असलं काही असेल तर प्रोव्हान्सचं नावही काढू नका. नसेल तरी आधी छाती आणि घसा तपासून घ्या, वजन करून घ्या.

थेम्सकाठी:
घोगरेपणाकडे लक्ष दिलं नव्हतं. आता देते. पण व्हॅनमध्ये एसी आहे, असं भाड्याने देणाऱ्यांनी सांगितलंय. त्याने काम भागणार नाही का?

वाटसरू:
कोणता एसी, ते आधी विचारा. ड्रायव्हरसमोरचा एसी इंजिन चालू असेपर्यंतच चालतो. छपरावरचा असेल तर त्याला कॅम्पिंगच्या तळावरच्या खांबाची वीज लागते. फ्रान्समध्ये बऱ्याच तळांवर ६ किंवा १० अँपिअरच मिळतात. ६ अँपिअर म्हणजे जेमतेम १४०० वॅट. फ्रिज चालू, एसी चालू आणि कुणी किटली लावली की खांबावरचा खटका पडला. तुम्ही व्हॅनमध्ये असाल तर दोन मिनिटांत कळेल. कुत्र्याला आत ठेवून तुम्ही गुहाचित्रं बघायला गेला असाल तर कळणारच नाही. दोर्दोन्यच्या गुहांत, शातोंच्या, म्हणजे जुन्या गढ्या-महालांच्या दालनांत कुत्र्यांना सहसा प्रवेश नसतो. म्हणजे प्रत्येक ठिकाणी तुमच्यातल्या एकाने बाहेर थांबायचं. हे नवऱ्याशी आत्ताच बोलून घ्या, नाहीतर तिसऱ्या दिवशी भांडण ठरलेलं.

आणि भाड्याच्या व्हॅनमध्ये कुत्रा चालतो का, हे लेखी घ्या.

सह्यकडा:
मी वर्ध्याचा आहे. आमच्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर जातं आणि गल्लीतली कुत्री जगतात. इतकं घाबरायचं कारण नाही असं मला वाटतं. जनावर आपली सोय आपण बघतं.

मीठभाकरी:
दादा, ती कुत्री दुपारी काय करतात ते तुम्ही रोज पाहता. नळाखालची ओली माती उकरून त्यात पोट टेकवतात, नाहीतर ट्रकखाली पडून राहतात, आणि दिवस कलल्याशिवाय हलत नाहीत. अंगाने सडपातळ, केस आखूड, आणि ऊन चढत जातं तसं शरीर सरावलेलं. बंड्याला पट्टा बांधून भर दुपारी प्रोव्हान्समधल्या आव्हिन्योंच्या फरसबंद चौकात नेलं तर त्याला उकरायला माती कुठली? आपल्या मर्जीने थांबायची मुभा त्याला नाही. शिवाय इंग्लंडातून निघून चार दिवसांत ३८ अंश, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही.

द्राक्षवेल:
मी दक्षिण फ्रान्समध्ये माँपेलिएजवळ राहते, म्हणजे प्रोव्हान्सहून स्पेनला जायच्या तुमच्या वाटेवरच. २८ जून २०१९ ला आमच्यापासून जवळच्या व्हेरार्ग गावात ४६ अंश नोंदले गेले, फ्रान्सचा उच्चांक. दरवर्षी तसं होत नाही, पण जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी बारा ते सहा आम्हीही दारं-खिडक्या लावून घरात असतो. समुद्रावर मोसमात बहुतेक ठिकाणी कुत्र्यांना बंदी. मार्सेयजवळच्या डोंगररांगांत वणव्याचा धोका वाढला की पायवाटाच बंद करतात. मग तुम्ही त्याला घेऊन फिरणार कुठे? सकाळी सहाला आणि रात्री नऊनंतर.

रात्रीचं वेगळंच. इथे वाळूमाशी असते, डासाहून बारीक, आवाज न करणारी, तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत चावणारी. विदर्भात चांदीपुरा विषाणूच्या बातम्यांत जिचं नाव येतं तिच्याच जातकुळीतली. ती कुत्र्यांना लीशमॅनिया देते, म्हणजे बिहारातल्या काळ्या आजाराच्या परजीवीचा भाऊबंद. लक्षणं काही महिन्यांनी, कधी वर्षांनी उमटतात: डोळ्यांभोवतीचे केस जातात, नखं वेडीवाकडी वाढतात, मूत्रपिंडं खराब होतात. औषधाने आटोक्यात राहतो, पण पूर्ण बरा होईलच असं नाही. माशी दूर ठेवणारा पट्टा निघण्याच्या बराच आधी गळ्यात हवा, आणि कोणता, ते व्हेटला विचारूनच. गोचिडींसाठीचा प्रत्येक पट्टा वाळूमाशीवर चालत नाही.

रानवाट:
हे सगळं खरं आहे, पण ते दक्षिणेबद्दल आहे. मूळ प्रश्न 'कुत्र्याला न्यावं का' हा होता आणि सगळे उत्तर देताहेत 'प्रोव्हान्सला न्यावं का' याचं. उत्तर स्पेनच्या आस्तुरियासमध्ये ऑगस्टातही संध्याकाळी आम्ही स्वेटर घालतो. आणि मागे ठेवणं म्हणजे बिनधोक, हे कुणी गृहीत धरलं? माझ्या माहितीतला एक म्हातारा कुत्रा केनेलमध्ये (पैसे देऊन कुत्रे ठेवायच्या जागी) आठवडाभर जेवला नाही. वय झालेल्या कुत्र्याच्या वाट्याला असे उन्हाळे किती उरलेत, याचाही विचार करा. मला तरी तो विचार टाळता येत नाही.

मीठभाकरी:
तो विचार माझ्याही मनात येतो, आणि म्हणूनच मी इतकं लिहितेय. केनेल हा एकच पर्याय नाही. ओळखीचं माणूस तुमच्याच घरी येऊन राहिलं तर त्याची गादी, त्याची बाग, त्याच्या वेळा तशाच राहतात. बाहेर ठेवणार असाल तर इंग्लंडमध्ये अशा व्यवसायाला कौन्सिलचा, म्हणजे स्थानिक पालिकेचा परवाना लागतो, तो बघायला मागा. आधी एक-दोन रात्री ठेवून पाहा, जेवतो का, झोपतो का.

वाटसरू:
परतीचं कुणी बोललंच नाही. ब्रिटनमध्ये परत शिरताना कुत्र्याला पट्टकृमीचं औषध व्हेटच्या हातून दिलेलं असावं लागतं, पोचण्याआधी किमान २४ तास आणि जास्तीत जास्त १२० तास, आणि वेळेसकट त्याची नोंद कागदावर हवी. कारण साधं आहे: युरोपातल्या कोल्ह्यांत असणारा एक पट्टकृमी ब्रिटनमध्ये नाही आणि तो माणसाच्या यकृतात गाठी करतो. नियम मला अगदी योग्य वाटतो. पण तुम्ही परतताय ऑगस्टच्या मध्याला. १५ ऑगस्ट फ्रान्समध्येही सुट्टी, मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण. आधी-नंतर रविवार जोडून आला की व्हेट मिळता मिळत नाही. वेळ ठरवूनच निघा. आणि त्याचं खाणं इथून नेता येणार नाही, मांस असलेलं प्राण्यांचं खाद्य ब्रिटनमधून युरोपात न्यायला बंदी आहे. पोट नाजूक असेल तर तिथे मिळणारा ब्रँड आधीच हळूहळू सुरू करा.

थेम्सकाठी:
सगळ्यांचे आभार. काल रात्री आम्ही तिघांनी बसून हे वाचलं. प्रोव्हान्स आणि कोस्टा ब्रावा रद्द. लेकीने स्वतःच सांगितलं, त्याला तिथे धापा टाकताना बघायचं नाही. बंड्याची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. घसा आणि हृदय ठीक निघालं तर त्याला घेऊन फक्त फ्रान्सच्या वायव्य टोकाच्या ब्रिटनीला जाऊ, एकाच तळावर, झाडांखालची जागा बघून, रोजचा प्रवास नाही. ठीक नाही निघालं तर माझी नणंद आमच्या घरी राहायला तयार आहे, मग आम्हीही चारच दिवस जाऊन येऊ.

मीठभाकरी:
हे पटलं. तरी ब्रिटनीतही उष्णतेची लाट येते. २०२२ च्या जुलैत खुद्द इंग्लंडात ४० च्या वर गेलं होतं. अंदाज बिघडला तर निघायच्या आदल्या दिवशीही बेत बदलायची तयारी ठेवा, आणि ही अट लेकीला आत्ताच सांगा.

द्राक्षवेल:
तिथेही उन्हाळ्यात बरेच किनारे कुत्र्यांना बंद असतात. तळ ठरवण्याआधी त्या गावच्या नगरपालिकेचा नियम बघा. किनाऱ्यावर नाही जमलं तर आतल्या भागातला नांत-ब्रेस्त कालवा आहे, काठाने सपाट वाट आणि बऱ्याच ठिकाणी सावली.

थेम्सकाठी:
कालव्याचं छान सुचवलंत, बघते. रानवाट, पोर्टस्मथहून ब्रिटनीतल्या सां-मालो बंदराला रात्रीची बोट बरी की बोगदा?

रानवाट:
कुत्र्यासह राहता येणारी केबिन मिळाली तर बोट, कारण कॅलेहून ब्रिटनीपर्यंतचं दिवसभराचं ड्रायव्हिंग वाचतं. पण अशा केबिन मोजक्या असतात आणि शाळेच्या सुट्टीतल्या तर फार आधी संपतात, तेव्हा आजच फोन लावा. न मिळाल्यास त्याला रात्रभर तुमच्यापासून लांब ठेवावं लागेल. या वयाच्या कुत्र्याच्या बाबतीत मी ते करणार नाही. मग बोगद्यानेच जा, नॉर्मंडीत एक मुक्काम टाका आणि दर दोन तासांनी थांबा.