माझ्या कादंबरीतल्या गावात तुरुंग नाही, मग गुन्हेगाराचं करायचं काय?

पाटाचं_पाणी

नमस्कार मंडळी. दोन वर्षं झाली, ऑफिस सुटल्यावर एक फँटसी कादंबरी लिहून राहिलोय, अन् आता चौदाव्या प्रकरणात गाडी पक्की रुतली आहे. डोंगरावरचं एक पठार, 7 वाड्या, हजारेक उंबरा, राजा नाही, पोलीस नाही, सगळ्यांचा जीव एका तळ्यावर. तळ्याचं पाणी पाटानं शेतात जातं आणि कोणाची पाळी कधी ते पाटकरी बघतो. जादू एकच ठेवलीये, साक्षीचा दिवा. त्याच्यासमोर कोणी खोटं बोललं की विझतो, बस. तर एका रात्री पाटकऱ्यानं साडूच्या शेताकडं दार उघडं ठेवलं, दुसऱ्याचा गहू वाळला, तो जाब विचारायला आला, धक्काबुक्की झाली आणि तो पाटात पडून मेला. पाटकरी दिव्यासमोर सगळं कबूल करतो. मला वाटलं प्रकरण दोन पानांत संपेल.

पण पुढे काय? आधी सरळ तुरुंग लिहिला होता. मग एकदा भर मे महिन्यात नागपुरात वर्धा रोडनं सेंट्रल जेलच्या भिंतीजवळून जात होतो, सिग्नलला डोकं तापलेलं, अन् मनात आलं की माझ्या गावात एवढी भिंत बांधणार कोण आणि आतल्याला रोज भाकर घालणार कोण? फाशी दिली तर फारच सोपं होतं. हद्दपार केलं तर पठारावर यायची चोरवाट त्याला माहीत आहे, खालच्या राज्याला जाऊन सांगेल. सुचवा ना काही. जादूनं शिक्षा नको प्लीज, ते मला चीटिंग वाटतं.

मोडीवाला

तुरुंग काढला ते बरं केलंत. आपल्याकडे किल्ल्यांवर कैदी असायचे, नाही असं नाही, पण गावचा तंटा गोतसभेत, म्हणजे गावकऱ्यांच्या न्यायसभेत यायचा, निकालाचा कागद म्हणजे महजर लिहिला जायचा आणि खाली ज्याची त्याची निशाणी, पाटलाची नांगर वगैरे. म्हणजे उद्या कोणी म्हणालं की मला हा निकाल मान्य नव्हता तर त्याचीच निशाणी पुढे करायची. तुमच्या 7 वाड्यांना 7 निशाण्या द्या, पान रंगेल.

आणि तुमचा दिवा म्हणजे जुनं दिव्यच की, खरं-खोटं ठरवायची देवाधर्माची परीक्षा. रवा नावाच्या दिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हातानं काढायचा, मग हात बांधून वर मोहोर, आणि काही दिवसांनी उघडून बघायचं जखम झाली का. पण लोक उठसूट तिथं जात नसत, आधी कागद, साक्षीदार, शेजारीपाजारी, आणि काहीच जमेना तेव्हा दिव्य. तुमच्याकडे दिवा पहिल्याच पानावर पेटतो, म्हणून सगळं लवकर संपतं.

शिक्षेबद्दल सांगायचं तर रांझ्याच्या पाटलाचं प्रकरण बघा. शिवाजी महाराजांनी हातपाय तोडायला लावले हे पोराटोरांना माहीत असतं, पण पुढचं कोणी सांगत नाही. पाटीलकी त्याच गोतातल्या माणसाकडे दिली आणि तो हातपाय तुटलेला पाटीलही त्याच्याच हवाली केला. म्हणजे त्याला जेवायला कोण घालणार हाही निकालाचाच भाग होता! फँटसी लिहिणारे नेमकं हेच विसरतात, दुसऱ्या दिवशीची सकाळ.

काळा_कोट_45_डिग्री

इथल्याच कोर्टात वकिली करतो म्हणून राहवलं नाही. तुमचा दिवा खोटं पकडतो, चूक नाही पकडत. तीन साक्षीदार मनापासून तीन वेगळ्या गोष्टी सांगतील आणि दिवा मस्त जळत राहील. साक्षीदाराची उलटतपासणी घेताना रोज बघतो हे, माणूस खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं आठवत असतं.

दुसरं, "मला त्याला मारायचं नव्हतं" हे पाटकरी म्हणाला आणि दिवा विझला नाही, तर तुमच्या गावात खून आणि हातून घडलेला मृत्यू यात फरक आहे का? आपल्याकडे सदोष मनुष्यवध आणि खून या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या फटीत आख्खी करिअर निघतात लोकांची. पाणी चोरणं मात्र शंभर टक्के मुद्दाम होतं. मग शिक्षा कशाची, पाण्याची की जिवाची?

तिसरं म्हणजे सगळ्यात भारी, तो दिव्यासमोर बसायला नाहीच म्हणाला तर? राज्यघटनेच्या कलम 20(3) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही, आणि 2010 मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं संमतीशिवाय नार्को टेस्ट करायला मनाई केली. तुमचा दिवा म्हणजे न चुकणारी नार्को टेस्ट. बळजबरीनं बसवणारं गाव आणि न बसवणारं गाव ही दोन वेगळी गावं आहेत, आधी ते ठरवा.

तर्री_एक्स्ट्रा

भाऊ, वाळीत टाक असं कोणी सांगन त्याच्या आधीच सांगतो, सोपं समजून टाकू नको बे. माह्या आजीच्या गावात धुऱ्याच्या, म्हंजे बांधाच्या भांडणावरून एका घराले टाकलं होतं. ना विहिरीवर पाणी, ना दुकानात मीठ, ना मयतीले कोणी. आजी सांगे का त्या घरची पोरगी शाळेत येकटी बसे, अन् पोरीनं का केलं होतं? ज्यानं धुरा कोरला तो बाप आपला दिवसभर वावरात, त्याले कायचा फरक पडते. आता तर 2016 चा कायदाच हाय आपल्या राज्यात सामाजिक बहिष्काराविरुद्ध, तो काही उगाच नाही केला. कादंबरीत टाकशीन तर त्या पोरीच्या डोळ्यांनी लिही, नाहीतर राहू दे.

मोडीवाला

तर्रीभाऊंशी सहमत. एक राहिलंच, पोलीस नाहीत म्हणालात ना, तर मध्ययुगीन आइसलँड वाचा. साधारण 930 पासून 1262 पर्यंत तिथं राजा नव्हता, अल्थिंग नावाची लोकसभा भरायची, कायदे होते, खटले चालायचे, पण निकाल अमलात आणायचा तो जिंकणाऱ्यानं स्वतः. ज्याच्यामागे माणसं नाहीत त्यानं जिंकून करायचं काय? तुमच्या मेलेल्या शेतकऱ्याची बायको तिथंच अडकेल.

पाटाचं_पाणी

बाप रे, चहा घेऊन बसलो होतो, तो थंड झाला. वकीलसाहेब, दिव्याचं तुम्ही पार वाटोळं केलं, पण भारी केलं. आता असं डोक्यात आहे की पाटकऱ्याची पाटकी काढून घ्यायची आणि त्यानं मेलेल्याचं शेत कसायचं, त्याचा पोरगा औत धरायच्या वयाचा होईपर्यंत. रोज त्याच बाईच्या अंगणातून बैल सोडायचे. तिला हे नको असेल तर? हे आत्ता टाइप करता करता सुचलं, तिला कोणी विचारलंच नाही अजून.

जंगलवाट

मी कामानिमित्त गडचिरोलीत राहिलोय, तिथलं मेंढा लेखा गाव माहीतच असेल तुम्हाला. तिथं ग्रामसभेत मतदान नाही, सर्वसहमती. एकाचंही पटत नसेल तर पुन्हा बसायचं, पुन्हा बोलायचं. तुमच्या 7 वाड्यांना तसं बसवा आणि एका म्हातारीला नाही म्हणू द्या. तीन दिवस सगळे तिथंच, गहू वाळतोय, पाटावर कोणी नाही, पाळ्या चुकतायत. प्रकरण आपोआप लांबेल, दोन पानांचं टेन्शन नको.

पाटाचं_पाणी

म्हातारी लगेच घेतली! पण ती नाही का म्हणते? दयाळू म्हातारी लिहायची नाहीये मला.

तर्री_एक्स्ट्रा

तिचं वावर टेलले, म्हंजे पाटाच्या शेवटाले असन ना बे. टेलले पाणी आजपर्यंत कोणत्याच पाटकऱ्यानं पोचवलं नाही, तवा कोणी दिवा लावला होता काय?