लिंग, लिंगभाव की सरळ जेंडर?

तळ्यातमळ्यात:
विद्यापीठाच्या अंतर्गत समितीचं (लैंगिक छळाच्या तक्रारी बघते ती) इंग्रजी धोरण मराठीत करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. शीर्षकातच अडलंय. 'लिंग समानता' लिहिलं तर टायपिंग करणारा मुलगा खाली मान घालून हसत बसला, 'लिंगभाव समानता' केलं तर ऑफिसातले एक जण म्हणाले, भाव कसला, आजचा का कालचा? 'स्त्री-पुरुष समानता' लिहावं तर यूजीसीच्या २०१५ च्या नियमांत तृतीयपंथी विद्यार्थ्यांचाही उल्लेख आहे, ते बाहेरच राहतात. उद्या छपाईला जायचंय, काय लिहू?

खडूफळा:
जेंडर लिहा आणि मोकळे व्हा. अंतर्गत समितीला तरी कोण अंतर्गत म्हणतंय, सगळे 'विशाखा'च म्हणतात. सुप्रीम कोर्टाचा विशाखा निकाल १९९७ चा, लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा, पण तोंडी विशाखाच.

जुनापुराणा:
तोंडी आहे म्हणून काहीही? मग इक्वॅलिटीपण लिहा ना! लिंग शरीराचं आणि लिंगभाव समाजाने चिकटवलेला, एवढा फरक त्या एका 'भाव'मध्ये आलाय. हसणाऱ्यांचं काय घेऊन बसलात, शाळेत पुल्लिंग-स्त्रीलिंग शिकवतानाही मागचे बाक हसायचेच. आणि धोरणात 'विद्यार्थीनी' असं लिहिलं असेल तर आधी ते सुधारा. थि ऱ्हस्व.

दर्याकाठ:
व्याकरणातल्या लिंगावरून आठवलं, आमच्या मालवणीत चेडू नपुंसकलिंगी, आजी नातीला 'तां चेडू'च म्हणायची. गोव्याकडे कोकणीतही लहान मुलीला 'तें'. पुण्यात होस्टेलला मी एकदा बोलून गेले तर रूममेट म्हणाली मुलीची वस्तू केलीत की तुम्ही. मी म्हटलं तुमचं ते पोरगं आणि ते मूल काय मग? आठवडाभर अबोला.

रेवती_क:
कुलगुरूला कुठे स्त्रीलिंग आहे? स्नेहलता देशमुख १९९५ ते २००० मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या, कुणाला कुलगुर्वी सुचलं नाही. मग मीच का प्राध्यापिका? मी दारावरच्या पाटीवर 'प्राध्यापक' लिहून घेतलं तर विभागातले एक सर तीनदा सांगून गेले की मॅडम पाटी चुकलीय. शेवटी म्हटलं, सर, पगाराच्या स्लिपवरपण असंच चुकलंय.

जुनापुराणा:
चुकलंयच ते. प्राध्यापिका हा सुंदर शब्द आहे, तो टाकून पुरुषी रूप घेण्यात कसली समता?

रेवती_क:
मग कुलगुरू म्हणताना का नाही खटकत? पद जेवढं वर तेवढी स्त्रीलिंगाची गरज कमी, असं काही आहे का पाणिनीत?

खडूफळा:
😀 खाली बघा ना, शिपाई असेल तर 'मामा', झाडणाऱ्या बाई असतील तर 'मावशी'. आमच्या कॉलेजात एक बाई शिपाई म्हणून लागल्या, त्यांना मावशी म्हटलं की चिडायच्या, म्हणायच्या मी झाडायला नाही आले, फायली न्यायला आलेय. मग मुलं 'मॅडम' म्हणायला लागली तर स्टाफरूममध्ये कुजबुज.

दर्याकाठ:
पण मावशीत माया आहे हो. मॅडममध्ये काय आहे?

खडूफळा:
माया आहे, पण मावशीला खुर्ची कुणी देत नाही.

जुनापुराणा:
मावशी हा मातृष्वसा वरून, प्राकृतात माउस्सिआ. विषय निघाला म्हणून सांगतो.

तळ्यातमळ्यात:
मंडळी, माझं शीर्षक?? आणि दुसऱ्याच ओळीत 'विद्यार्थी-विद्यार्थिनी व कर्मचारी' आलंय. कर्मचारीचं काय करायचं, कर्मचारिणी?