मदत हवी आहे: १६/६४ मधले ६ कापले, उत्तर बरोबर आलं, तरी चूक का?

वडगावची_आई:
नमस्कार मंडळी, मुलगी सहावीत, मराठी मिडीयम, आणि सध्या अपूर्णांकांनी घरात उच्छाद मांडलाय. काल वही बघितली तर १६/६४ चं अतिसंक्षिप्त रूप विचारलेलं, हिनं वरचा ६ आणि खालचा ६ खोडून सरळ १/४ लिहिलं आणि बाईंनी लाल पेननं फुली मारलीय. मी करून बघितलं तर सोळा चोक चौसष्ट, उत्तर १/४ च येतं की वो! आता पोरगी हटून बसलीय, मीच बरोबर म्हणून. ह्यांना विचारावं तर हे कन्नड मिडीयमचे, 'भिन्नराशी' म्हणून सुरू करतात (अंश आणि छेद तेवढे दोन्हीकडे तेच, नशीब) आणि शेवटी 'आईला विचार' वर येतात. दुसरं म्हणजे ५१/८५, ह्याला २, ३, ५ लावून बघितले, दोघांना एकदम कशानंच भाग जात नाही, पण मागे उत्तर ३/५ दिलंय, ते कुठनं आलं? परवा टेस्ट आहे.

सीमेवरचा_पोरगा:
मोबाईलमध्ये टाका की, लगेच येतंय.

वडगावची_आई:
टेस्टला मोबाईल नेऊ देतात काय?

निपाणीचा_जुना_मास्तर:
ताई, फुली बरोबर आहे. १६ मधला ६ म्हणजे सहा सुटे, ६४ मधला ६ म्हणजे साठ, ते एकमेकांना कसे कापणार? हे नशिबानं जुळलंय. तिला १५/५४ द्या, ५ खोडले तर १/४ राहतो, पण पंधरा चोक साठ, ५४ नव्हे. वरचा एकक आणि खालचा दशक खोडून खरं उत्तर येणारे दोन अंकी अपूर्णांक फक्त चार आहेत: १६/६४, १९/९५, २६/६५, ४९/९८ (११/११ सारखे सोडून). बाईंनी नेमका त्यातलाच दिला, मुलगी बिचारी फसली.

माझा अंदाज, सवय शून्यावरनं लागलीय. ३०/५० मधली शून्यं खोडली की ३/५ येतं, ते चालतं, कारण तिथं आपण वर आणि खाली १० नं भागतो. मुलांना खोडणं दिसतं, भागणं दिसत नाही. आठवडाभर खोडायचंच बंद करा, शेजारी '÷१०' असं लिहायला लावा.

खानापूरकर:
५१/८५ चं मी सांगतो. मोठ्यातनं लहान वजा करा, ८५ − ५१ = ३४. दोघांना ज्यानं भाग जातो त्यानं वजाबाकीलाही जातोच, म्हणून शोध ३४ मध्येच घ्यायचा. ३४ ला २, १७ आणि ३४ नं भाग जातो, ५१ विषम म्हणून २ आणि ३४ बाद, राहिला १७. सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा पाचे पंच्याऐंशी, झालं ३/५. वजाबाकी १ आली, समजा १४/१५, तर तो आणि लहान होतच नाही, तिथंच थांबायचं.

वडगावची_आई:
सर, १५/५४ दिल्यावर पाच मिनिटं गप्प बसली, मग स्वतःच पेन्सिलनं फुली मारली 😄 खानापूरकर दादा, ९१/११७ देऊन बघितला, वजाबाकी २६, मग १३ सापडला, ७/९ आलं, खूष आहे. पण सममूल्य अजून डोक्यात बसत नाही, २/३ आणि ४/५ सारखेच म्हणते, दोन्हीकडे एकानं कमी म्हणून.

निपाणीचा_जुना_मास्तर:
तिरका गुणाकार करायला लावा, दोन पाचे दहा, तीन चोक बारा, जुळले नाहीत म्हणजे सममूल्य नाहीत. बेरजेनं किंमत बदलते, वर-खाली त्याच संख्येनं गुणलं तर बदलत नाही.

खानापूरकर:
आणि गुंठ्यात सांगा, ४० गुंठ्यांचा एकर. ३० गुंठे म्हणजे ३०/४०, म्हणजे ३/४, म्हणजे पाऊण एकर. पाव किलो कुंदा तर ती आणतच असेल, २५०/१०००.

वडगावची_आई:
आणते, आणि वाटेत खातेपण. आत्ता विचारलं, '२०० ग्रॅमच आणलास तर कितवा भाग?' वर २ खाली १० म्हणाली, मग १/५, आणि बाजूला दोनदा ÷ लिहिलं. ह्यांचं चाललंय, 'उरलेला पन्नास ग्रॅम कुठं गेला ते आधी सांग.'